काकडी कोणी कुजवली?

काही वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या अखेरीस एक शेतकरी काकड्यांनी भरलेली गोणी घेऊन आमच्या प्रयोगशाळेत आले. बाजारभाव पडला म्हणून त्यांनी तोडलेला माल जवळच्या शीतगृहात ठेवला होता. शीतगृह बटाट्याचे होते, तापमान दोन ते चार अंश सेल्सियस. नऊ दिवसांनी माल बाहेर काढला तेव्हा काकड्या हिरव्यागार आणि टणक होत्या. दोन दिवसांत त्यांच्यावर खोलगट, पाणीदार डाग पडले, डागांवर काळपट हिरवी बुरशी चढली आणि व्यापाऱ्याने माल परत पाठवला.

आम्ही डागावरची बुरशी काचपट्टीवर घेतली आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. मुद्गलासारख्या आकाराचे, आडव्या-उभ्या पडद्यांनी कप्पे पडलेले तपकिरी बीजाणू दिसले. ओळख पटायला वेळ लागला नाही. ती अल्टरनेरिया होती. आम्ही बुरशीचे नाव सांगितले, शेतात फवारायचे बुरशीनाशक सांगितले, आणि आपले काम झाले असे समजलो.

महिन्याभराने ते पुन्हा आले. औषध फवारले होते, तरी पुन्हा तेच झाले होते. या वेळी जाता जाता ते म्हणाले, "साहेब, त्याच तोड्यातल्या चार काकड्या घरी ओसरीवर राहिल्या होत्या. त्या पिवळ्या पडल्या, पण कुजल्या नाहीत."

ज्याला आपण तुलनेचा प्रयोग म्हणतो तो या गृहस्थांनी नकळत केला होता आणि आम्ही तो करायचे विसरलो होतो. बीज एक, शेत एक, तोडा एक, हवेतली बुरशीही एक. फरक होता तो फक्त थंडीचा. मग काकडी कुजवली कोणी? बुरशीने की थंडीने? या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. विज्ञानात कारण आणि परिणाम यांची गफलत कशी होते आणि ती सुटायला किती काळ लागतो, हे त्यात चांगले दिसते.

बुरशीचा विजय

इतिहासाची सुरुवात काकडीपासून नाही, बटाट्यापासून करावी लागते. १८४५ साली आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक शेतातच काळे पडून कुजले आणि पुढे भीषण दुष्काळ पडला. कुजलेल्या पानांवर पांढुरकी बुरशी दिसत होती. पण तिच्याविषयी विद्वानांत एकमत नव्हते. जॉन लिंडली या प्रसिद्ध वनस्पतिशास्त्रज्ञाचे म्हणणे असे, की दोष हवामानाचा आहे. गार, ओल्या हवेने झाडे पाणी शोषून आतून सडली आणि बुरशी ही सडलेल्यावर नंतर आलेली पाहुणी आहे. रेव्हरंड माइल्स बर्कली यांनी १८४६ साली उलट मत मांडले, की बुरशी हेच रोगाचे कारण आहे. अखेर १८६१ साली जर्मन शास्त्रज्ञ अँटन द बारी यांनी निरोगी झाडावर त्या बुरशीचे बीजाणू टाकून रोग निर्माण करून दाखवला, आणि वादाचा निकाल बुरशीच्या बाजूने लागला.

हा विजय मोठा होता. पुढे रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली क्षयाचा जंतू शोधला आणि 'एक रोग, एक जंतू' ही विचारसरणी पक्की झाली. तेव्हापासून कुजलेली भाजी समोर आली, की वनस्पतिरोगाचा अभ्यासक पहिल्यांदा विचारतो, 'कोणती बुरशी?' आम्हीही तोच प्रश्न विचारला. प्रश्न चुकीचा नव्हता, पण अपुरा होता.

थंडीची कीर्ती

याच काळात दुसरीकडे थंडीची कीर्ती वाढत होती. १८३३ साली अमेरिकेतील बोस्टनहून निघालेले 'टस्कनी' नावाचे जहाज चार महिन्यांनी कलकत्त्याला पोचले. त्यात गोठलेल्या तळ्यांतून कापलेला सुमारे १८० टन बर्फ होता आणि विषुववृत्त दोनदा ओलांडूनही त्यातला सुमारे १०० टन शिल्लक होता. लवकरच मुंबईतही बर्फाचे कोठार उभे राहिले. मग यंत्राने थंडी निर्माण करण्याचे युग आले. १८८२ साली 'डनेडिन' हे जहाज न्यूझीलंडहून सुमारे पाच हजार गोठवलेली जनावरे घेऊन लंडनला पोचले आणि तीन महिन्यांच्या प्रवासानंतरही मांस उत्तम राहिले.

थंडीने पदार्थ टिकतो यामागचे शास्त्रही सोपे आहे. झाडावरून तोडलेले फळ मेलेले नसते. ते श्वास घेत असते, साठवलेली साखर जाळत असते. तापमान दहा अंशांनी उतरले, की श्वसनाचा वेग साधारण निम्मा किंवा त्याहूनही कमी होतो. बुरशी आणि जीवाणू यांची वाढही मंदावते. यावरून एक सरळ निष्कर्ष निघतो: गोठू न देता जितके थंड ठेवता येईल तितके चांगले. सफरचंद, गाजर, कोबी, वाटाणा यांच्या बाबतीत तो बहुतांशी खराही ठरतो. म्हणूनच या निष्कर्षाला नियमाची प्रतिष्ठा मिळाली.

काकडीचा गोठणबिंदू शून्याच्या अर्धा अंश खाली आहे. नियम खरा असता, तर एक अंश तापमान तिला सर्वांत सुखाचे ठरले असते.

गोठणे आणि गारठणे

या नियमाला अपवाद आहेत याच्या खुणा फार पूर्वीपासून दिसत होत्या. उन्हाळी झाडे दहिवर पडण्याआधीच, पाणी गोठण्याइतकी थंडी नसतानाही मरतात, हे युरोपातल्या माळ्यांना ठाऊक होते. पण बहुतेकांनी त्याचा अर्थ 'रात्री थोडा वेळ गोठण पडले असेल' असा लावला. १८६० च्या सुमारास युलियस झाक्स या वनस्पतिशरीरशास्त्रज्ञाने तंबाखू आणि भोपळा यांच्या कुंड्यांतली माती शून्याच्या थोड्या वरच्या तापमानापर्यंत गार केली. वरची हवा उबदार असूनही झाडे कोमेजली, आणि माती पुन्हा उबदार करताच ताजी झाली. थंड मुळांना पाणी ओढता येत नव्हते. मग थंडीचा अपाय म्हणजे केवळ पाण्याचा तुटवडा, असेही कोणी म्हणू शकले असते.

ही शंका दूर केली हान्स मोलिश यांनी. विज्ञानशिक्षकांना हे नाव परिचित आहे. शर्करा ओळखण्यासाठी परीक्षानळीत जांभळे वलय दाखवणारी जी 'मोलिश परीक्षा' आपण करवून घेतो, ती याच मोलिश यांची. प्रागमध्ये प्राध्यापक असताना त्यांनी झाडांच्या गोठण्याचा अभ्यास केला आणि १८९७ साली त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. एपिसिया या उष्ण प्रदेशातील शोभेच्या झाडाची पाने त्यांनी शून्याच्या तीन-चार अंश वर ठेवली. आणि हवा पाण्याच्या वाफेने संपृक्त ठेवली, म्हणजे पान सुकण्याचा प्रश्नच राहू नये. तरीही पानांवर तपकिरी डाग पडले आणि ती मेली. बर्फ नाही, पाण्याची टंचाई नाही, तरीही अपाय. मोलिश यांनी या प्रकाराला गोठण्यापासून वेगळे नाव दिले.

आपल्या भाषेत हा भेद आधीच आहे. पाणी 'गोठते' आणि माणूस 'गारठतो'. गोठण्यात बर्फ होतो. गारठण्यात बर्फ होत नाही, पण अंगातले व्यवहार बिघडतात. म्हणून या लेखात आपण मोलिश यांच्या शोधाला 'गारठा-इजा' म्हणू. हेच मोलिश पुढे १९२८-२९ मध्ये जगदीशचंद्र बोस यांच्या कलकत्त्यातील संस्थेत काम करायला आले होते. थंडीने मरणाऱ्या उष्ण प्रदेशातील झाडांना त्यांच्या मायदेशात त्यांनी पाहिले.

जहाजांवरचे धडे

मोलिश यांचा शोध वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथांत राहिला. व्यापाराला त्याची दखल घ्यावी लागली ती नुकसान सोसून. उष्ण प्रदेशातली केळी थंड जहाजांतून युरोपात जाऊ लागली, तेव्हा सुमारे तेरा अंशांखाली ठेवलेल्या केळ्यांची साल करडी पडते आणि ती नीट पिकत नाहीत, असा अनुभव आला. इंग्लंडमध्ये केंब्रिजला १९२२ साली निम्न तापमान संशोधन केंद्र सुरू झाले. तेथे फ्रँकलिन किड आणि सिरिल वेस्ट यांनी सफरचंदांवर काम केले आणि थंड हवामानातल्या या फळाच्याही काही जाती तीन-चार अंशांखाली आतून तपकिरी पडतात हे स्पष्ट झाले. १९२० च्या दशकाच्या शेवटी केळ्यांच्या अभ्यासासाठी त्रिनिदाद बेटावर असेच केंद्र निघाले.

महाराष्ट्राचाही या इतिहासात वाटा आहे. पुण्याला गणेशखिंडीच्या फळबागेत १९३० च्या दशकात जी. एस. चीमा, डी. व्ही. करमरकर आणि बी. एम. जोशी यांनी हापूस आंब्याच्या शीतसाठवणीचे प्रयोग केले. आंबा टिकवायचा तर थंडी हवी, पण ती एका मर्यादेखाली गेली की आंबा नीट पिकत नाही, हाच पेच त्यांच्यापुढे होता. त्यांचा सविस्तर अहवाल १९५० साली प्रसिद्ध झाला.

या सर्वांतून एक गोष्ट पुढे आली. ज्या फळांचे मूळ उष्ण प्रदेशात आहे, त्यांना शून्याच्या वरची थंडीही सोसत नाही. काकडी तशीच आहे. फ्रेंच-स्विस शास्त्रज्ञ आल्फोन्स द कांदोल यांनी १८८० च्या दशकात काकडीचे मूळ वायव्य भारतात असल्याचे प्रतिपादन केले होते. तिची रानटी, कडू फळांची बहीण आजही हिमालयाच्या पायथ्याशी उगवते. २००९ साली काकडीचा जनुकसंच वाचला गेला आणि २०१३ साली अनेक वाणांच्या जनुकसंचांची तुलना झाली, तेव्हाही बोट भारताकडेच गेले. दक्षिण आशियातल्या उन्हाळी-पावसाळी हवेत घडलेल्या या वेलीला तीन-चार अंशांची सवय नाही, यात नवल नाही.

खड्ड्यांचे कोडे

काकडीवर नेमके काम अमेरिकेत झाले. लिओनार्ड मॉरिस आणि हान्स प्लाटेनियस यांनी १९३८ साली भाज्यांच्या थंडीच्या अपायावर निबंध प्रसिद्ध केला. थंडीत ठेवलेल्या काकडीच्या सालीवर बारीक खड्डे पडतात. त्यांना असे आढळले, की साठवणीच्या जागी हवा दमट ठेवली तर हे खड्डे पुष्कळ कमी होतात.

मग अपायाचे कारण थंडी की कोरडेपणा? मोलिश यांनी सोडवलेले कोडे पुन्हा दारात उभे राहिले. उत्तर असे: थंडीने सालीखालच्या पेशी दुबळ्या होतात आणि त्यांना पाणी धरून ठेवता येत नाही. हवा कोरडी असेल तर पाणी उडून जाते, त्या जागा खचतात आणि खड्डा दिसतो. हवा दमट असेल तर खड्डा दिसत नाही, पण पेशी दुबळ्या झालेल्या असतातच. अशी काकडी उबदार जागी आणली, की पाणीदार डाग पडतात आणि ती कुजते. म्हणजे दमटपणा हा लक्षण झाकतो, रोग बरा करत नाही. प्लॅस्टिकच्या वेष्टनात गुंडाळलेली काकडी शीतकपाटात तुकतुकीत दिसते आणि बाहेर आल्यावर दगा देते, ती यामुळेच. आमच्याकडे आलेल्या शेतकऱ्यांचा मालही शीतगृहातून बाहेर येताना हिरवागार होता, हे आठवावे.

१९५६ साली अर्विंग ईक्स आणि मॉरिस यांनी या न दिसणाऱ्या इजेला मोजमाप दिले. त्यांनी काकड्या थंडीत कमी-अधिक दिवस ठेवल्या, मग उबदार जागी आणून त्यांचे श्वसन मोजले. थोडेच दिवस थंडीत राहिलेल्या काकडीचे श्वसन एकदम उसळी घेई आणि मग पूर्वपदावर येई. अधिक दिवस राहिलेल्या काकडीचे श्वसन वाढलेलेच राही. पहिलीतला बिघाड दुरुस्त होणारा होता, दुसरीतला नव्हता. गारठ्याचा अपाय असा दिवसागणिक साठत जातो आणि एका टप्प्यानंतर मागे फिरता येत नाही.

खोबरेल आणि करडईचे तेल

पण पेशीत बिघडते तरी काय? हिवाळ्याच्या सकाळी आपल्या घरातले खोबरेल बाटलीत थिजते आणि करडईचे तेल पातळच राहते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. खोबरेलात संपृक्त मेदाम्ले जास्त असतात. त्यांच्या साखळ्या सरळ असल्याने त्या एकमेकींना चिकटून बसतात. असंपृक्त मेदाम्लांच्या साखळ्यांना बाक असतो, त्यामुळे त्या सैल राहतात. प्रत्येक पेशीचे पटल अशाच मेदांचे बनलेले असते.

कॅलिफोर्नियातील जेम्स लायन्स आणि सहकाऱ्यांनी १९६४ साली दाखवले, की गारठा सोसणाऱ्या वनस्पतींच्या तंतुकणिकांच्या पटलांत असंपृक्त मेदाम्लांचे प्रमाण जास्त असते. १९७० साली लायन्स आणि ऑस्ट्रेलियाचे जॉन रेझन यांनी टोमॅटो, काकडी आणि रताळे यांच्या तंतुकणिका वेगळ्या करून त्यांच्या श्वसनाचा वेग निरनिराळ्या तापमानांना मोजला. आऱ्हेनियसच्या पद्धतीने आलेख काढला, तर २५ अंशांपासून खाली येणारी रेषा नऊ ते बारा अंशांच्या आसपास एकदम वाकली. फ्लॉवर, बटाटा आणि बीट यांची रेषा मात्र जवळजवळ दीड अंशापर्यंत सरळ राहिली. त्यांनी मांडले, की या तापमानाला संवेदनशील वनस्पतींचे पटल खोबरेलासारखे थिजते, त्यात बसलेली विकरे नीट काम करेनाशी होतात आणि पटल गळू लागते.

कल्पना सुंदर होती आणि तितकीच सोपी. पुढच्या काळात तिच्यावर आक्षेपही आले. आलेखातला वाक खरोखर तीक्ष्ण आहे की ती हळूहळू वळणारी रेषा आहे? पटलातले सगळे मेद एकाच वेळी थिजत नाहीत, मग एवढा मोठा परिणाम कसा? संशोधकांचे लक्ष एका थोड्या प्रमाणात असणाऱ्या मेदाकडे, हरितकणांतील फॉस्फॅटिडिलग्लिसरॉलकडे वळले. १९९२ साली जपानचे नोरिओ मुराता आणि सहकाऱ्यांनी निर्णायक प्रयोग केला. हा मेद घडवणाऱ्या विकराचे जनुक त्यांनी एका तंबाखूत काकडीच्या भाऊबंदांतल्या भोपळ्याचे घातले, आणि दुसऱ्या तंबाखूत थंडी सोसणाऱ्या आरॅबिडॉप्सिसचे. भोपळ्याचे जनुक मिळालेली तंबाखू अधिक नाजूक झाली, तर आरॅबिडॉप्सिसचे मिळालेली अधिक काटक. पटलाच्या मेदाचा गारठ्याशी संबंध आहे हे यातून सिद्ध झाले. तो एकमेव दुवा मात्र नाही. थंडीत तयार होणारी ऑक्सिजनची विध्वंसक रूपे आणि त्यांना आवरणारी यंत्रणा यांचाही वाटा आहे, असे आज मानले जाते.

पाहुणा की चोर?

आता बुरशीकडे परत येऊ. बटाट्यावरच्या रोगाचा निकाल लावणाऱ्या द बारी यांनीच १८८६ साली स्क्लेरोटिनिया या बुरशीचा अभ्यास करून दाखवले, की काही बुरशा जिवंत पेशीत थेट शिरत नाहीत. त्या आधी विकरे सोडून पेशींना जोडणारे द्रव्य विरघळवतात, पेशी मारतात आणि मग त्यांवर जगतात. विल्यम ब्राउन यांनी १९१५ साली बॉट्रायटिस या करड्या बुरशीवर हेच काम पुढे नेले. अशा बुरशांना लागते ती एक फट: जखम, म्हातारपण किंवा आधीच मरणाला टेकलेल्या पेशी.

अल्टरनेरिया ही अशीच बुरशी. तिचे बीजाणू आपल्या आसपासच्या हवेत, पालापाचोळ्यावर, प्रत्येक काकडीच्या सालीवर असतात. धट्ट्याकट्ट्या काकडीला त्या बीजाणूंपासून फारसे भय नसते. पण गारठलेल्या काकडीचे पेशीपटल गळते, साखर आणि क्षार बाहेर झिरपतात आणि बीजाणूला अंकुरायला ओलावा व अन्न दोन्ही मिळते. पेशींची प्रतिकारयंत्रणा तर आधीच लुळी पडलेली असते. शिवाय ही बुरशी शून्याजवळच्या तापमानातही हळूहळू वाढू शकते, त्यामुळे थंडीने काकडी दुबळी होते तितकी बुरशी होत नाही.

हा संबंध अमेरिकेच्या कृषी खात्यातील लेसी मॅककोलॉक यांनी स्पष्ट केला. १९५२ साली त्यांनी सहकाऱ्याबरोबर टोमॅटोत आणि १९६२ साली ढोबळी मिरची व एका प्रकारच्या भोपळ्यात दाखवले, की आधी थंडीने इजा होते आणि मग त्या वाटेने अल्टरनेरिया येते. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी लिंडली यांनी बटाट्याविषयी जे म्हटले आणि जे चुकीचे ठरले, ते इथे खरे होते. बटाट्याच्या बाबतीत बुरशी दरवाजा फोडणारी दरोडेखोर होती. काकडीच्या बाबतीत ती उघड्या दारातून आलेली भुरटी चोर होती, आणि दार थंडीने उघडले होते.

याचा अर्थ काकडीची प्रत्येक कूज थंडीची असते असा नाही. ओल्या, गरम शेतात मातीला टेकलेल्या काकडीवर कापसासारखी पांढरी बुरशी चढते, ती पिथियम. जखमेतून शिरणारी काळी कूज वेगळी. पावावर उगवणारी ऱ्हायझोपस ओरखड्यातून शिरून उबदार हवेत एका दिवसात पेटी नासवते. तिथे थंडी निर्दोष आहे. निदान करायचे ते प्रत्येक वेळी नव्याने, आणि 'कोणती बुरशी?' याच्या जोडीला 'ती आत आली कशी?' हा प्रश्न विचारूनच.

उपाय आणि एक प्रयोग

यातून निघालेले व्यवहारी नियम आज सर्वमान्य आहेत. काकडी दहा ते साडेबारा अंशांना, ९५ टक्के आर्द्रतेत ठेवावी. तरीही ती दहा ते चौदा दिवसांपलीकडे फारशी टिकत नाही. दहा अंशांखाली दोन-तीन दिवसांनंतर इजा सुरू होते. तोडताना देठ ओरबाडू नये, माल आपटू नये. पिकणारी केळी, टोमॅटो, सफरचंद यांच्या शेजारी ठेवू नये, कारण त्यांच्यातून निघणाऱ्या एथिलीन वायूने काकडी लवकर पिवळी पडते. कॅलिफोर्नियात काब्रेरा आणि सॉल्टव्हाइट यांनी १९९० साली आणखी एक उपाय दाखवला. अडीच अंशांना ठेवलेल्या काकड्यांना दर तीन दिवसांनी अठरा तास साडेबारा अंशांची ऊब दिली, तर इजा बरीच कमी होते. ईक्स आणि मॉरिस यांना दिसलेला 'दुरुस्त होणारा' टप्पा इथे उपयोगी आला. ज्यांच्याजवळ शीतगृह नाही त्यांच्यासाठी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत १९८० च्या दशकात विटा आणि ओल्या वाळूचा 'शून्य ऊर्जा शीतकक्ष' तयार झाला. तो रांजणाच्या तत्त्वावर गार होतो. काकडीला तो बटाट्याच्या शीतगृहापेक्षा मानवतो.

शाळेत हा इतिहास प्रयोगाने शिकवता येईल. एकाच दुकानातून एकाच दिवशी बारा निरोगी, सारख्या काकड्या घ्याव्यात. चार शीतकपाटात उघड्या ठेवाव्यात, चार शीतकपाटातच प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि चार ओल्या फडक्यात गुंडाळून माठाजवळ. आठ दिवसांनी सर्व बाहेर काढाव्यात, पण लगेच निष्कर्ष लिहू देऊ नये. दोन दिवस वर्गात ठेवून रोज नोंद करावी: खड्डे किती, पाणीदार डाग किती, बुरशी कुठे उगवली, डागावर की निरोगी सालीवर? बाहेर काढतानाची नोंद आणि दोन दिवसांनंतरची नोंद शेजारी शेजारी मांडावी. प्रत्येक गटातल्या एका काकडीच्या सारख्या वजनाच्या चकत्या ऊर्ध्वपातित पाण्यात तासभर ठेवून मल्टिमीटरने त्या पाण्याचा विद्युत्-रोधही मोजता येईल. पटल गळत असेल, तर पाण्यात क्षार अधिक उतरतील आणि रोध कमी होईल. निकाल अपेक्षेप्रमाणे आला नाही, तर का आला नाही याची चर्चा अधिक मोलाची.

आमच्या त्या शेतकऱ्यांना आम्ही दुसऱ्या भेटीत खरे उत्तर दिले. शीतगृहाच्या मालकाला भेटून एखादी खोली दहा-बारा अंशांवर चालवता येईल का, हे विचारायला सांगितले. पण दोन तोड्यांचे पैसे आणि अनाठायी फवारलेल्या औषधाचा खर्च काही परत आला नाही. आमच्या घाईची किंमत त्यांनी मोजली, ही गोष्ट आम्ही विसरलेलो नाही.

कोकणात आणि गोव्यात पिकलेली तवशी झावळीच्या पातीने बांधून घराच्या वाशांना टांगून ठेवतात. ती महिनोन्महिने टिकतात. तिथे थंडी नाही, दुसऱ्या फळाचा घासाघास नाही, भोवती खेळती हवा आहे आणि पक्व फळाची साल जाड आहे. ही रीत बसवणाऱ्यांना पेशीपटल माहीत नव्हते. काकडीला काय मानवते ते मात्र त्यांनी काकडीकडेच पाहून ठरवले होते. पुढच्या वेळी प्रयोगशाळेत कुजलेले फळ आले, की आम्ही सूक्ष्मदर्शक उघडण्याआधी विचारतो, 'ही काकडी गेले दहा दिवस कुठे होती?'